लंगडं कोकरू

मलाखी हे जुन्या करारातलं शेवटचं पुस्तक. चारच अध्याय, एका बैठकीत वाचून होतात. काळ ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकाच्या आसपासचा. बाबेलच्या बंदिवासातून यहुदी लोक परतले, यरुशलेमेतलं उद्ध्वस्त मंदिर त्यांनी पुन्हा उभारलं, वेदी पेटली, याजक कामाला लागले. पण संदेष्ट्यांनी ज्या दिवसांची आशा दाखवली होती ते दिवस काही उजाडले नाहीत. राज्य पारशी सम्राटाचं, शेत कधी पिकतं कधी नाही, कर मात्र चुकत नाही. अशा लोकांना देव आपल्या प्रेमाची आठवण करून देतो आणि लोक त्याच्याकडे पुरावा मागतात. पुस्तकाचा आरंभच या वादाने होतो. मग थोड्याच ओळींनंतर मंदिराचं अंगण दिसतं आणि अर्पणासाठी आणलेली जनावरं दिसतात. आंधळी, लंगडी, रोगट. नियमशास्त्राने निर्दोष पशू मागितला होता. हेच जनावर तुमच्या सुभेदाराला नजर करून बघा, तो राजी होतो का ते कळेल, असं संदेष्टा त्यांना सुनावतो.

प्रेमाविषयीचा तो प्रश्न आणि ही जनावरं एकाच अध्यायात आहेत, आणि माझ्या मते ती एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत. मंदिर ओस पडलं नव्हतं. अर्पणं थांबली नव्हती. देवाने आपल्यावर खरंच प्रेम केलं का, असं ज्यांना वाटू लागलं होतं ते लोक पंचांग पाहून, ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी येतच होते. फक्त घरून निघताना कळपाकडे पाहण्याची त्यांची नजर बदलली होती. जे विकलं जाणार नाही, जे हिवाळा काढणार नाही, ते देवाला.

देवाच्या प्रेमावरचा विश्वास ढळला की माणूस बेबंद होतो, आज्ञा मोडतो, पापाच्या वाटेला लागतो, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. कुणाचं तसं होतही असेल. पण मंडळीत आयुष्य काढल्यावर मला जे दिसलं ते याहून वेगळं आणि जास्त दुःखाचं आहे. प्रेमाचा संशय आलेला श्रद्धावंत बहुतेक वेळा आज्ञा पाळतच राहतो. बाकावरची त्याची जागा रिकामी नसते. त्याचं दशमांशाचं पाकीट वेळेवर येतं. लंगडं कोकरू कोणतं, ते त्याचं त्यालाच ठाऊक असतं.

मी नगर जिल्ह्यातल्या मराठी ख्रिस्ती घरात वाढले. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1831 साली नगरला आले, त्यानंतर या भागात गावोगाव छोटी देवळं उभी राहिली. आम्ही चर्चला देऊळच म्हणत असू. आमच्या घरात संध्याकाळची प्रार्थना झाल्याशिवाय ताटं मांडली जात नसत. दहा आज्ञा पाठ, पर्वतावरचं प्रवचन पाठ, लेंटमध्ये गोडधोड बंद. हे सगळं मला जाचक वाटत नव्हतं, कारण आई ते करायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर कसलाही ताण नसायचा. भाकऱ्या थापताना ती देवाशी बोलायची, मध्येच मला मीठ आणायला सांगायची, पुन्हा बोलायला लागायची. दोन्ही आवाज सारखेच असायचे.

ती आजारी पडली आणि ते आजारपण लांबलं. सगळ्या मंडळीने प्रार्थना केल्या, उपास केले, घरी येऊन तिच्या उशाशी गायिले. ती गेली. त्यानंतर मी काय सोडलं, असं कुणी विचारलं असतं तर उत्तर होतं, काहीच नाही. रविवारची उपासना, स्त्रियांची सभा, संडे स्कूलचा वर्ग, सगळं होतं तिथेच होतं. उलट मी पूर्वीपेक्षा काटेकोर झाले. पण प्रार्थनेत मी मागणं बंद केलं. प्रार्थनेची वाक्यं नीट जुळलेली, निर्दोष, दुसऱ्या कुणाचीही असावीत अशी येऊ लागली. आणि दुसऱ्यांच्या चुका मला दिसू लागल्या, इतक्या की त्यांचा त्रास व्हायला लागला. दारूपायी घर उधळून बसलेला एक तरुण त्याच सुमारास मंडळीत परतला. लोकांनी त्याला पुढे बोलावलं, बायकांनी डोळे पुसले, भजन सुरू झालं. मला त्या आनंदात जाता येईना. आपण इतकी वर्षं चुकलो नाही, आपल्यासाठी कुणी टाळ हाती घेतला, हा विचार इतका स्पष्ट आला की मी दचकले. तो विचार माझ्या आधी लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या थोरल्या मुलाने केला होता.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यात आपण धाकट्याबरोबर डुकरांच्या खोपटापर्यंत जातो आणि त्याच्याबरोबर घरी येतो. थोरला शेतात असतो. संध्याकाळी परतताना वाजंत्री ऐकून तो आत जाऊन बघत नाही, नोकराला बोलावून विचारतो. स्वतःच्या घरात काय चाललंय हे नोकराकडून कळून घेणारा हा मुलगा मला फार ओळखीचा वाटतो. बाप बाहेर येऊन विनवतो, तेव्हा तो आपल्या चाकरीची वर्षं मोजून दाखवतो, एकही आज्ञा मोडली नाही हे सांगतो, आणि मित्रांबरोबर मेजवानी करायला साधं करडूही मिळालं नाही ही तक्रार करतो. त्याचं म्हणणं खोटं नाही. बापही ते नाकारत नाही. बाप फक्त एवढंच म्हणतो की जे माझं ते सगळं तुझंच आहे. म्हणजे करडू कधीच मागावं लागणार नव्हतं. इतकी वर्षं ज्याच्या मळ्यात राबला त्याच्या प्रेमाची या मुलाला खात्री नव्हती, म्हणून त्याने मागितलं नाही, आणि न मागितलेल्या करडाचा हिशेब मात्र मनात ठेवला. तो शेवटी आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेलं नाही.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला तिसरा चाकर त्याचाच भाऊ म्हणायला हवा. धनी परगावी जाताना एकाला पाच तालांत, दुसऱ्याला दोन आणि तिसऱ्याला एक तालांत सोपवून जातो. एक तालांत ही किरकोळ रक्कम नव्हे. तो म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. जवळपास वीस वर्षांची कमाई धन्याने त्याच्या हातावर ठेवली आणि पाठीमागे देखरेखीला कुणालाही न ठेवता तो निघून गेला. पहिले दोघे तिथल्या तिथे उद्योगाला लागतात. तिसरा जमीन खणतो. धनी परत आल्यावर तो खुलासा देतो की तुम्ही कडक माणूस आहात, पेरलं नाही तिथे कापता, म्हणून मी घाबरलो. शेजारून उसनं आणलेलं पातेलं घासूनपुसून जसंच्या तसं परत करावं, तसा तो तालांत परत करतो. त्याने काहीही हडप केलं नाही, उधळलं नाही. त्याच्या दृष्टीने तो पूर्ण आज्ञाधारक होता.

या दाखल्यावरची प्रवचनं मी पुष्कळ ऐकली आहेत. बहुतेक वेळा त्या चाकराच्या आळसावर बोट ठेवलं जातं, आणि धनी त्याला आळशी म्हणतो हे खरंच आहे. पण खड्डा खणणं हे कष्टाचंच काम आहे. मला त्याचा आळस तितका खुपत नाही, जितकं धन्याविषयी त्याने मनात रंगवलेलं चित्र खुपतं. एवढी मोठी रक्कम विश्वासाने देऊन टाकणारा माणूस त्याला निर्दय कसा दिसला? हाती आलेली ठेव हीच त्या धन्याची ओळख होती, ती त्याने वाचली नाही. आणि एकदा धनी निर्दय ठरला की धोका पत्करायचा नसतो, चूक होऊ द्यायची नसते, जेवढं सांगितलं त्यापलीकडे एक पाऊल टाकायचं नसतं. भ्यालेली आज्ञाधारकता अशीच असते. ती चुका मोजते आणि चूक झाली नाही की सुटकेचा श्वास सोडते. तिच्यातून काही उगवत नाही. आमच्या मंडळ्यांतली कितीतरी गुणी माणसं आयुष्यभर असा खड्डा राखत बसलेली मी पाहिली आहेत. गाता येणारी बाई गात नाही, कारण स्वर चुकला तर देवाला काय वाटेल. शिकलेला मुलगा शंका विचारत नाही, कारण शंका हेच पाप असं त्याला सांगितलेलं असतं.

त्या दिवसांत आमच्या वृद्ध पाळकसाहेबांनी मला काही समजावून सांगितलं नाही. एका बुधवारी प्रार्थनासभेच्या आधी त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, “ताई, आज वाचन तुम्ही करा. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र. सावकाश आणि मोठ्याने वाचा, मध्ये कुठे गाळू नका.”

स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ एक-तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत. त्यांतली बहुतेक शेवटाकडे वळण घेतात, आक्रोश करणारा अखेर देवाच्या दयेवर टेकतो. अठ्ठ्याऐंशीवं वळत नाही. तू मला खड्ड्यात टाकलंस, माझी माणसं माझ्यापासून तोडलीस, तू तोंड का फिरवलंस, असं विचारत ते काळोखापाशी येतं आणि तिथेच संपतं. आणि हे स्तोत्र कुणाच्या खाजगी वहीत नव्हतं. त्याच्या मथळ्यात कोरहाच्या वंशातल्या गायकांचा आणि हेमानाचा उल्लेख आहे. म्हणजे भक्तांच्या सभेत गायचं हे गाणं होतं. देवाच्या प्रेमाविषयीचा संशय देवाच्याच घरात, देवाच्याच तोंडावर, सुरात. मी वाचलं. सभेत कुणी काही बोललं नाही. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि आम्ही घरी गेलो. मला एकदम हलकं वाटलं, असं काही झालं नाही. पण त्या रात्री आई गेल्यापासून पहिल्यांदा मी देवावर रागावले, त्याला उद्देशून, नाव घेऊन. आणि रागावता आलं म्हणजे समोर कुणीतरी होतं.

मराठी माणसाला हे सांगायला यरुशलेमेपर्यंत जायची गरज नाही, हे मला नंतर जाणवलं. नारायण वामन टिळक स्वतःविषयी म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायांशी आलो. त्या पुलाविषयी मी पुष्कळ विचार केला आहे. 1630 च्या आसपासच्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली, दुकान बुडालं, गावात मान राहिला नाही. त्यानंतरचे अभंग वाचताना विठ्ठलाला ते किती कठोर बोलतात, ते पाहून अंगावर काटा येतो. त्याला कृपण ठरवतात, लबाड ठरवतात, माझ्यापुरता तू उरलाच नाहीस इथवर जातात. आणि हे चाललेलं असतानाच कीर्तन चालू आहे, इंद्रायणीकाठचं बसणं चालू आहे, आल्यागेल्याला असेल ते देणं चालू आहे. भांडणाने त्यांची सेवा आटली नाही. थोरल्या मुलाला बापाशी भांडायला धाकट्याच्या परतण्याचं निमित्त लागलं, तोवर तो गप्प राबत होता. ते गप्प राबणंच मला घातक वाटतं. संशय बोलून दाखवता येतो तोवर नातं जितं असतं, आणि नातं जितं असेल तर हातून जे घडतं त्याला वेठ म्हणता येत नाही.

तरी यातून नियम काढायला मी धजत नाही, आणि त्याला कारण मदर तेरेसा आहेत. 2007 साली त्यांची खाजगी पत्रं पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला धक्का बसला. ती पत्रं जाळून टाकावीत अशी त्यांची स्वतःची इच्छा होती. 1946 साली दार्जिलिंगला जाताना आगगाडीत त्यांना हाक ऐकू आली, गरिबांतल्या गरिबांकडे जाण्याची. पुढे काही काळ देवाचं सान्निध्य त्यांना अगदी जवळ जाणवत होतं. आणि कोलकात्याच्या वस्त्यांत काम सुरू झालं, त्याच सुमारास ते सान्निध्य नाहीसं झालं. मग मधला एखादा छोटा काळ सोडला तर ते जवळजवळ 1997 मधल्या मृत्यूपर्यंत परतलं नाही. देवाला मी नकोशी आहे, असं त्या आपल्या धर्मगुरूंना लिहीत होत्या. चेहऱ्यावरचं हसू हे पांघरूण आहे, अशी भीती त्यांना वाटत होती. इतका खोल संशय, आणि आज्ञापालनात तसूभर उणेपण नाही. पहाटेची प्रार्थना, मरणाऱ्यांच्या जखमा धुणं, बहिणींचं शिक्षण, सगळं अखंड.

मग प्रेमाच्या संशयाने आज्ञापालन कोमेजतं हे माझं म्हणणं इथे खोटं पडतं का? मी या पत्रांकडे पुन्हा पुन्हा वळते ते याच प्रश्नासाठी. दोन गोष्टी मला दिसतात. एक म्हणजे हा काळोख त्यांनी गाडून ठेवला नाही. मोजक्याच माणसांना का होईना, पण सांगितला. एका धर्मगुरूंच्या सांगण्यावरून त्यांनी तो थेट येशूला पत्र लिहून कळवला. 1960 नंतर योसेफ नॉइनर या येशूसंघी धर्मगुरूंशी त्यांचा संवाद झाला. हे पुण्यात धर्मशास्त्र शिकवत. त्यांच्याशी बोलल्यावर, ज्या अंधारातून आपण चाललो आहोत तो ख्रिस्ताच्या क्रूसावरच्या एकाकीपणातला वाटा आहे, असं मदर पाहू शकल्या आणि त्या अंधारावरच प्रेम करायला लागल्या. दुसरी गोष्ट त्याहून जुनी. 1942 मध्येच त्यांनी गुप्तपणे नवस केला होता की देव जे मागेल ते नाकारायचं नाही. ज्याच्यावर जीव जडला आहे त्यालाच माणूस असला शब्द देतो. पुढे भावना आटली तरी त्या शब्दाचं मूळ प्रेमातच होतं. तिसऱ्या चाकरापाशी असा कुठला शब्द नव्हता. एवढं सांगूनही मला मान्य करायला हवं की मदरचं सगळं गणित मला सुटत नाही, आणि ते सोडवल्याचा आव कुणी आणला तर मला पटत नाही.

माझ्या मनात जी बाई कायमची बसली आहे ती मात्र केडगावची. पंडिता रमाबाई. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, आणि त्या आईने रमाबाईंना. सारं कुटुंब तीर्थाटनात फिरत, पुराणं सांगत जगलं. 1874 च्या सुमारास मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात ते सापडले. होतं ते द्रव्य दानधर्मात गेलं, व्रतं, उपास, स्नानं, प्रदक्षिणा, शास्त्रात सांगितलेलं काही करायचं राहिलं नाही. आणि थोड्या काळात वडील, आई, थोरली बहीण असे एकामागून एक गेले. हे वाचताना कुठल्या एका धर्माला नावं ठेवावीत असं माझ्या मनात येत नाही. आईच्या उशाशी आम्ही केलेले उपास मला आठवतात. संकटात सापडलेला माणूस करायचं ते सगळं करतो, आणि आणखी काय राहिलं असेल या विचाराने पोखरला जातो. देव रागावला आहे असं मनात बसलं की कितीही केलं तरी ते पुरेसं वाटत नाही.

29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पुढची वर्षं सोपी नव्हती. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. त्यांचं प्रेम खरं होतं, पण त्यांना रमाबाईंकडून नम्र आज्ञाधारकता हवी होती. चर्चने जे ठरवलं ते मानायचं. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायला हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली, तेही मानायचं. रमाबाईंची उत्तरं आज पुस्तकात वाचायला मिळतात. एका पुरोहितवर्गाचं जू मी नुकतंच मानेवरून उतरवलं आहे, आता दुसरं घ्यायला तयार नाही, अशा अर्थाचं त्या लिहितात. देवाची आज्ञा मानीन, माणसांनी देवाच्या नावावर काढलेली नाही. आमच्याकडे या पत्रांचा उल्लेख आला की रमाबाईंचा स्वभाव हट्टी होता असं बोललं जातं. मला तसं वाटत नाही. जिने भीतीच्या आज्ञापालनात आपली माणसं मरताना पाहिली, त्या बाईने पुन्हा भीतीने काही पाळायचं नाकारलं, हे मला देवाशी प्रामाणिक राहणं वाटतं.

आणि तरीसुद्धा त्यांनीच 1907 च्या आपल्या साक्षीत लिहून ठेवलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. त्या आठ वर्षांत त्या अमेरिका फिरून आल्या होत्या, 1889 साली मुंबईत शारदा सदन काढलं होतं, ते पुण्याला नेलं होतं. म्हणजे सेवा जोरात होती. तरी मनात एक गाठ होती. 1891 च्या सुमारास ती सुटली. देव आपल्याला आपल्या लायकीवाचून स्वीकारतो, तारण कमवावं लागत नाही, हे त्यांना पाठ होतं, पण तेव्हा ते आतून कळलं. त्यांच्या पुढच्या आयुष्याकडे मी या घटनेच्या उजेडात पाहते. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. रस्त्याच्या कडेला, दुष्काळी छावण्यांत पडलेल्या मुली आणि बायका त्यांनी उचलून आणल्या, सुमारे तीनशे. पैसे कुठून येणार ठाऊक नव्हतं. पुण्यात प्लेगमुळे नव्या मुली ठेवायची बंदी आली, तेव्हा केडगावच्या माळावर तंबू टाकले. पुढे तिथे वृद्धांसाठी प्रीती सदन झालं, फसवलेल्या बायकांसाठी कृपा सदन झालं. ज्या मुलीने कधी काळी दुष्काळात पानं खाऊन दिवस काढले होते, ती आता दुष्काळाच्या दिशेने चालत जात होती. असं करा, अशी आज्ञा त्यांना कोणत्या बिशपाने दिली नव्हती.

आमच्या तरुणांच्या वर्गात मी रमाबाईंविषयी सांगते तेव्हा एक प्रश्न हमखास येतो. देव असाही प्रेम करणारच असेल तर आज्ञा पाळायच्या कशासाठी? प्रश्न चांगला आहे. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात तो स्वतःच विचारून त्याला ठाम नकार दिला आहे. मी त्या मुलांना निर्गमाचा विसावा अध्याय उघडायला सांगते. दहा आज्ञांच्या आधी एक वाक्य आहे, जे आम्ही पाठ म्हणताना बहुतेकदा गाळतो. देव आधी सांगतो की मिसरातल्या गुलामीतून तुम्हाला बाहेर काढणारा तो मी. पहिली आज्ञा त्यानंतर येते. समुद्र आधी दुभंगला, सीनाय पर्वत नंतर आला. आज्ञा पाळल्या तर सोडवीन, अशी अट मिसरात कुणालाही घातली गेली नव्हती. 1563 साली हायडेलबर्ग इथे जी प्रश्नोत्तरी रचली गेली, तिनेही हाच क्रम धरला. माणसाची दुर्दशा, मग सुटका, आणि दहा आज्ञा अगदी शेवटच्या, कृतज्ञतेच्या भागात. मुलं वाद घालतात, घालू द्यावा. माझ्यापाशी त्यांना द्यायला याहून मोठा पुरावा रमाबाईंचं आयुष्यच आहे.

पण हा सगळा विचार मांडताना एका ठिकाणी माझी जीभ अडते. देवाच्या प्रेमाचा संशय काही माणसांच्या मनात दुसऱ्या माणसांनी पेरलेला असतो. मंगळवेढ्याचा चोखोबा पंढरीच्या महाद्वाराबाहेर उभा राहिला. विठ्ठलावरचं त्याचं प्रेम कुणाहून उणं नव्हतं, पण आत जाण्याचा अधिकार नाही हे त्याला देवाने सांगितलं नव्हतं, देवाच्या दारातल्या माणसांनी सांगितलं होतं. तो देवाला जाब विचारतो, मला असा जन्म दिलास तो का, म्हणून. त्यानंतर कित्येक शतकं ते दार तसंच राहिलं. ते उघडावं म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं. आम्ही ख्रिस्ती लोकांनी यावर मान ताठ करून बोलू नये. जात आमच्या बाकांवरही येऊन बसलेली आहे, सोयरिकी ठरताना तर उघड बोलते. ज्याला देवाच्या लेकरांनीच दूर बसवलं, त्याला देवाच्या प्रेमावर विश्वास ठेव आणि आज्ञा पाळ असं सांगायला मी कोण? त्याचा संशय ही त्याची कमतरता नव्हे. तो आमच्या हातून घडला आहे, आणि तो दूर करण्याची जबाबदारी आमच्यावर येते.

यरीहो शहरातला जक्कय मला अशा वेळी आठवतो. जकातदारांचा मुखिया, रोमी सरकारसाठी आपल्याच लोकांना लुबाडणारा, बुटका, म्हणून येशूला पाहायला झाडावर चढलेला. गावात त्याच्या घरची पायरी कुणी चढत नसणार. येशूने त्याला खाली बोलावलं आणि आज तुझ्याकडे उतरणार आहे असं सांगितलं. पश्चात्ताप कर, घेतलेलं परत दे, मग येतो, असं काही म्हटलं नाही. एकही आज्ञा दिली नाही. जक्कय उठून उभा राहिला आणि त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊन टाकली, ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत करीन म्हणाला. आपण होऊन गुन्हा कबूल करणाऱ्याला नियमशास्त्राने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा एवढंच भरायला सांगितलं होतं. चौपटीची अट मेंढरू चोरून कापणाऱ्यासाठी होती. जक्कयाने आपल्यासाठी ती निवडली, आणि आनंदाने निवडली. बाहेर लोक कुरकुरत होते की हा पापी माणसाच्या घरी उतरायला गेला. लूकने लिहिलं आहे की कुरकुर करण्यात सगळेच होते. त्यात देवळात नेमाने जाणारेही असतील, उपास आणि दशमांश न चुकवणारेही. त्यांच्यापैकी कुणी आत जाऊन जेवायला बसलं का, याविषयी तो काही सांगत नाही.